दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय लिहीत नाही

काही वर्षांपूर्वी एका नव्या रहस्यकादंबरीबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, "शेवटच्या तीस पानांत असा काही धक्का आहे की विचारू नका." बास, एवढंच. खुनी कोण ते सांगितलं नव्हतं, पहिल्या दोन प्रकरणांच्या पुढचं कथानकही सांगितलं नव्हतं. मग एका मैत्रिणीचा फोन आला, ती त्या पुस्तकाची कित्येक महिने वाट बघत होती. म्हणाली, "अगं तू धक्का आहे म्हणालीस ना, मग मी पहिल्या पानापासून कोणावरच विश्वास ठेवला नाही. जो सगळ्यात साधासरळ होता त्याच्यावरच डोळा ठेवून बसले, आणि निघाला तोच. म्हणजे तू सांगितलंसच की मला." मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण तिचं बरोबर होतं. पहिल्यांदा वाचण्याचा आनंद माणसाला एकदाच मिळतो आणि तो मी तिच्याकडून घेतला होता, तेही एका वाक्यात आणि अगदी चांगल्या हेतूने.

तेव्हापासून "ट्विस्ट" हा शब्द मी परीक्षणात लिहीत नाही. धक्का, कलाटणी, "शेवट बघाच", यातलं काहीही नाही. आपल्याकडे स्पॉयलरला रसभंग असा फार नेमका शब्द आहे, आणि रसभंग काही फक्त खुन्याचं नाव सांगूनच होतो असं नाही, तिथे काहीतरी दडलंय एवढं सांगितलं तरी होतो.

पण मग लिहायचं काय हा प्रश्न येतोच. कारण या प्रकारच्या पुस्तकात ज्याच्यावरून पुस्तकाची पारख होते ती गोष्टच नेमकी बोलता येत नाही. दुसऱ्या एखाद्या कादंबरीचा शेवट तुम्ही खुशाल उघड करून त्यावर चर्चा करू शकता, इथे मात्र शेवट पटला का नाही पटला, तो आधीच्या पानांतून उगवला का आयत्या वेळी बाहेरून आणून चिकटवला, हे सगळं ठरवायचं आणि वाचणाऱ्याला त्याचा वासही लागू द्यायचा नाही. मला यावर एकच मार्ग सापडलाय, पुस्तक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा सगळं माहीत असताना. आणि परीक्षण खरं तर त्या दुसऱ्या वाचनाचं लिहायचं.

ही सवय मला लागली ती अगाथा ख्रिस्तीमुळे. १९२६ साली तिची एक कादंबरी आली, नाव मुद्दाम घेत नाही, ज्यांनी वाचलीय त्यांना कळलंच असेल आणि ज्यांनी नाही वाचली त्यांच्यासाठी ती जपून ठेवायला हवी. त्या पुस्तकाच्या शेवटावरून तेव्हा बराच वाद झाला, काही लोकांना वाटलं ही सरळ सरळ फसवणूक आहे, तर डोरोथी सेयर्स, जी स्वतः मोठी रहस्यकथाकार, तिने ख्रिस्तीची बाजू घेतली, तिचं म्हणणं असं की सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं कामच आहे. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही चिडले होते. चिडूनच पुन्हा पहिलं पान उघडलं, आता पकडतेच कुठे खोटं बोलली ते, आणि नाही सापडलं. सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं, मीच भरभर पुढे गेले होते. त्या दुसऱ्या वाचनात जो आनंद झाला तो पहिल्यापेक्षा मोठा होता हे मी आजही सांगते.

ऑडेन हा कवी रहस्यकथांचा अगदी व्यसनी म्हणावा असा वाचक होता, त्याने १९४८ च्या एका लेखात स्वतःबद्दल नेमकं उलटं लिहिलंय, की गोष्ट संपली की तो ती विसरतो, परत वाचायची इच्छाच होत नाही, आणि चुकून वाचलेलंच पुस्तक हातात आलं तर पुढे वाचवत नाही. वाचक म्हणून हे मला समजतं, खूप जण असेच वाचतात. पण दुसऱ्याला "हे वाच" किंवा "हे नको वाचूस" असं सांगायची जबाबदारी घेतली की मग विसरून चालत नाही.

पहिल्या वाचनाला मी फार नियम लावत नाही. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचत नाही (हल्ली त्यात निम्म्या पुस्तकापर्यंतची गोष्ट सांगून टाकतात) आणि जवळ एक वही ठेवते. साधारण शंभर पानं झाली की थांबून लिहायचं, आत्ता मनात कुठे पाल चुकचुकतेय, कोणावर संशय आहे, का आहे, पान नंबर काय. मग परत दोनशेला. एवढंच. हे लिहून ठेवणं का महत्त्वाचं, तर शेवट कळल्यावर आपलं डोकं आपल्याला फसवतं. खुनी कळला की प्रत्येकाला वाटतं "मला आधीच वाटलेलं", आणि अगदी मनापासून वाटतं, खोटं नाही बोलत कोणी. पण वहीत शंभराव्या पानाला मेव्हण्याचं नाव लिहिलेलं असतं आणि खुनी निघते शेजारीण, तेव्हा कळतं की लेखकाने आपल्याला व्यवस्थित चकवलं होतं आणि त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. परीक्षणात "अंदाज येतो" असं बेधडक लिहिणाऱ्यांनी एकदा ही वही करून बघावी.

दुसरं वाचन हळू होतं. खुनी पहिल्यांदा कुठल्या पानावर येतो, तेव्हा त्याच्याबद्दल काय सांगितलंय, तो बोलतो तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो का भलत्याच. क्लू कुठे पेरलाय. चांगले लेखक क्लू कधीच प्रकरणाच्या शेवटी ठेवत नाहीत, तिथे सगळ्यांची नजर असते. खोलीतल्या दहा वस्तूंची यादी द्यायची आणि कामाची वस्तू सहावी ठेवायची, किंवा क्लूनंतर लगेच दार वाजवायचं, किंकाळी ऐकवायची, म्हणजे वाचक त्या किंकाळीमागे धावतो आणि आधीचं वाक्य विसरतो. अशी जागा दुसऱ्यांदा वाचताना सापडली की मी वहीत पान नंबर लिहून ठेवते. १९३० च्या दशकात सी. डॅली किंग वगैरे लेखकांच्या काही पुस्तकांत मागे चक्क तक्ताच असायचा, कुठला क्लू कुठल्या पानावर दिला होता त्याचा. किती आत्मविश्वास लागत असेल त्याला! घ्या, तपासा, मी सगळं दिलं होतं. आता असं फारसं कोणी छापत नाही म्हणून मी प्रत्येक पुस्तकाचा तो तक्ता स्वतः करते, आणि यादीत दोनच नोंदी झाल्या तर समजायचं की पुस्तकात पाणी मुरतंय.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते. त्यातले बरेच आता जुने झाले, एक तर चिनी पात्रांबद्दलचा आहे तो आज वाचवत नाही, पण एक नियम मी मनात पक्का धरून ठेवलाय, तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो त्याच क्षणी वाचकालाही दिसला पाहिजे. आणि आत्ताच्या नव्या कादंबऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त मोडला जातो तो हाच नियम. म्हणजे बघा, प्रथमपुरुषी निवेदन, वर्तमानकाळ, नायिका कपाट उघडते, आत बघते, "आणि माझ्या सगळं लक्षात आलं." प्रकरण संपलं. काय लक्षात आलं? ते चाळीस पानांनंतर. आपण तिच्या डोक्यात बसलेलो आहोत, तिची भूक, तिची चिडचिड, लहानपणीची आठवण सगळं आपल्याला ऐकू येतंय आणि नेमका हाच एक विचार ऐकू येत नाही. याला उत्कंठा म्हणत नाहीत, ही अडवणूक आहे. मी हे प्रत्येक परीक्षणात स्पष्ट लिहिते, आणि हे लिहिलं तर रसभंगही होत नाही.

तसंच विसरलेल्या रात्रीचं. २०१५ ला पॉला हॉकिन्सची 'द गर्ल ऑन द ट्रेन' आली, त्यात निवेदन करणारी बाई दारू पिते आणि एका रात्रीचं तिला आठवत नाही हे आपल्याला सुरुवातीलाच माहीत असतं. तिथे ते विसरणं हीच तिची जखम आहे, स्वतःवरच विश्वास ठेवता न येणं हा त्या बाईचा रोजचा जगण्याचा त्रास आहे. नंतर आलेल्या कितीतरी पुस्तकांत मात्र विसरणं हे नुसतं कुलूप होऊन बसलंय, लेखकाला हवं तेव्हा लावायचं आणि शेवटच्या प्रकरणात एखादा वास आला, गाणं ऐकू आलं की उघडायचं. मला या साच्याचा कंटाळा नाही आलेला, साचा जुना असला तरी चालतो, फक्त त्या माणसाला विसरण्याचा त्रास होताना दिसला पाहिजे.

आणि एक गोष्ट मला कधीपासून सांगायची होती ती अनुवादाबद्दल. इंग्रजीतून मराठीत आलेल्या थ्रिलरमध्ये मधेमधे खुन्याची प्रकरणं असतात, तिरक्या टाइपात, "मी" म्हणून बोलणारी, आणि तो पुरुष आहे का बाई हे लपवलेलं असतं. इंग्रजीत हे फुकट मिळतं, तिथे "मी" ला लिंग नसतं. मराठीत? "मी निघालो" म्हटलं की पुरुष, "मी निघाले" म्हटलं की बाई, एका क्रियापदात अर्धे संशयित बाद. वर्तमानकाळात तर जागोजागी अडचण, बघतो का बघते, थांबतो का थांबते. मग अनुवादक काय करतो ते दुसऱ्या वाचनात बघण्यासारखं असतं. चांगला अनुवादक भूतकाळात जातो आणि कर्म असलेली वाक्यं घेतो, "मी दार उघडलं", "मी सुरी उचलली", "मी तिच्याकडे पाहिलं", इथे क्रियापद दाराच्या, सुरीच्या मागे जातं, बोलणारा कोण ते कळतच नाही. किंवा भविष्यकाळ, "मी येईन, मी वाट बघेन", हा तर अंगावरही येतो आणि काही सांगतही नाही. एका अनुवादात मी अशी सहा प्रकरणं वाचली, कुठेही एक "आलो" नाही, "गेले" नाही, आणि पहिल्यांदा वाचताना मला हे जाणवलंही नाही, एवढं बेमालूम. परत वाचताना लक्षात आलं तेव्हा मी त्या पानांवर कितीतरी वेळ थांबले. दुसऱ्या एका पुस्तकात मात्र अनुवादकाने पुरुषी रूप वापरून टाकलं होतं सगळीकडे, आणि खुनी होती बाई. म्हणजे मूळ लेखक खोटं बोललाच नव्हता, खोटं बोलला अनुवाद. आता यात वाचकाने शिव्या कोणाला द्यायच्या? डॉक्टरचंही तसंच, इंग्रजीत नुसतं "डॉक्टर" म्हणून पानंच्या पानं जातात आणि मग कळतं की ती बाई आहे, मराठीत "डॉक्टर आले" की "आल्या" हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. म्हणून अनुवादित रहस्यकादंबरीच्या परीक्षणात अनुवादकावर एक ओळ उरकून चालत नाही असं माझं ठाम मत आहे, कारण ते रहस्य अर्धं त्याने राखलेलं असतं.

तपशिलाच्या चुकांबद्दल मी थोडी कडक आहे, पण सगळ्याच नाही. रुमालाला क्लोरोफॉर्म लावून नाकाशी धरला आणि माणूस दोन सेकंदात कोसळला, हे अजूनही येतं, खरं तर शुद्ध जायला मिनिटं लागतात. प्रेत बघून डॉक्टर "रात्री ११ वाजून २० मिनिटांनी मृत्यू" सांगतात तेही तसंच. मृत्यूनंतर शरीर ताठायला साधारण दोन ते सहा तासांत सुरुवात होते, बारा तासांच्या आसपास ते पूर्ण ताठतं आणि पुढे हळूहळू सैल पडतं, आणि हेसुद्धा उकाडा किती, थंडी किती, माणूस मरण्याआधी धावपळ करत होता का यावर मागेपुढे होतं, त्यामुळे खरा डॉक्टर वेळेचा पट्टा देतो, मिनिट देत नाही. आता ही चूक नुसती सजावटीत असेल तर मी सोडून देते. पण संशयिताचा सगळा बचाव जर त्या ११.२० वर टांगलेला असेल, तो ११.३० पर्यंत चार लोकांसमोर होता म्हणून सुटला असेल, तर तो क्लूच खोटा आहे आणि मग ते लिहावंच लागतं.

अजून एक, सगळ्या पुस्तकांना "खुनी ओळखला का" हेच एक माप लावणं चुकीचं आहे. आर. ऑस्टिन फ्रीमनने १९१२ मध्येच असा कथासंग्रह काढला होता ज्यातल्या काही कथांमध्ये गुन्हा आणि गुन्हेगार वाचकाला आधीच दाखवून टाकतात, आणि मग तपास तिथपर्यंत कसा पोचतो ते बघायचं. सिनेदिग्दर्शक हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे ते सगळ्यांना माहीत असेल, बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं तर पंधरा मिनिटांची घालमेल. म्हणजे सस्पेन्सचं पुस्तक माहिती देऊन धरून ठेवतं आणि रहस्याचं पुस्तक माहिती लपवून. त्यामुळे सस्पेन्स कादंबरीवर "शंभराव्या पानाला कळलं हो मला" अशी तक्रार केली तर ती लागूच होत नाही, तिथे बघायचं ते हे की शंभराव्या पानाला कळूनसुद्धा पुढची अडीचशे पानं श्वास रोखून वाचली का नाही. हार्पर या प्रकाशनाने १९२९ पासून काही रहस्यकादंबऱ्यांचा शेवटचा भाग सीलबंद करून विकला होता, सील न फोडता पुस्तक परत आणून दिलं तर पैसे परत. मला ही कल्पना फार आवडते. प्रत्येक पुस्तक वाचताना मी स्वतःला विचारते, इथे सील असतं तर मी ते फोडलं असतं का? आणि अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर तर त्याच्याही पुढे गेलाय, शेवट फाटून गेला असला तरी जी वाचावीशी वाटेल ती आदर्श रहस्यकथा असं तो म्हणतो. तेवढं माझ्याच्याने होणार नाही, शेवटची पानं नसतील तर मला झोप लागणार नाही.

लिहायला बसल्यावरचे माझे नियम थोडे आहेत पण मोडत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पाव भागापलीकडची एकही घटना सांगायची नाही. आणि दुसऱ्या पुस्तकाशी तुलना फार म्हणजे फार जपून, कारण "अमुक कादंबरी आवडली असेल तर हीपण आवडेल" या वाक्यासारखा रसभंग नाही, त्या अमुक कादंबरीचा शेवट माहीत असलेल्या माणसाला तुम्ही या पुस्तकाची किल्लीच देता. शेवटाबद्दल बोलायचं ते फक्त एवढं, की उत्तर कथेच्या आतून येतं का बाहेरून. एका कादंबरीत तीनशे पानं झाल्यावर एक जुळा भाऊ उगवला होता, आधी कुठे नावही नाही, मी एवढंच लिहिलं की "उत्तर कथेबाहेरून येतं, त्यामुळे मागे वळून बघितलं तर काही हाती लागत नाही." ज्याला रहस्यकथा कळतात त्याला यातून सगळं कळतं आणि तरीही वाचायचं असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

२०११ चं एक संशोधन लोक मला नेहमी दाखवतात, लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्राच्या दोघांचं, त्यांनी बारा लघुकथा लोकांना वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, आणि शेवट माहीत असलेल्यांना कथा उलट जास्त आवडल्या. मग कशाला एवढं जपायचं म्हणतात. माझं म्हणणं असं की यात मला काही आश्चर्य नाही, शेवट माहीत असताना वाचण्याचा आनंद मोठा असतोच, दुसरं वाचन म्हणजे तेच तर आहे. पण लघुकथा एका बैठकीत संपते, आणि कादंबरीबरोबर माणूस चार-सहा दिवस राहतो, रात्री दिवा बंद केल्यावरही डोक्यात संशयित फिरवत बसतो, ते चार दिवस पहिल्याच वाचनात मिळतात. दुसरं वाचन नंतर कधीही करता येतं. पहिलं परत मिळत नाही, म्हणून ते कोणी दुसऱ्याने परस्पर खर्च करू नये.

आणि परीक्षण हे किरकोळ काम आहे असं मला कधीच वाटलं नाही. अँथनी बाउचर १९५१ पासून १९६८ ला जाईपर्यंत न्यूयॉर्क टाइम्समध्ये रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं लिहायचा, थोड्या थोड्या जागेत, आठवड्याला कितीतरी पुस्तकं, आणि १९७० पासून रहस्यकथांच्या वाचक-लेखकांचं जे मोठं संमेलन भरतं त्याला त्याचंच नाव दिलंय, बाउचरकॉन. तो स्वतः कादंबऱ्याही लिहायचा, पण त्याची आठवण जास्त निघते ती परीक्षणांमुळे. सेयर्सनेसुद्धा १९३३ ते ३५ संडे टाइम्ससाठी हेच काम केलं.

आत्ता माझ्या टेबलावर एक नवीन कादंबरी आहे, परवा पहिल्यांदा वाचून झाली. वहीत शंभराव्या पानाला वकिलाचं नाव लिहिलंय, दोनशेला खोडून बहिणीचं, दोन्ही चूक. काल रात्री परत सुरू केली आणि एक्केचाळिसाव्या पानावर एक वाक्य सापडलं, ओल्या छत्रीचं, तिसऱ्या ओळीत, दोन पाहुण्यांच्या भांडणाच्या मधोमध, जे पहिल्यांदा मी वाचलंच नव्हतं असं वाटावं इतकं साधं. आता ती छत्री दोनशे बाराव्या पानावर कोरडी आहे का ते बघायचंय. असेल तर हे पुस्तक फार वरच्या दर्जाचं आहे. आज रात्री तिथपर्यंत पोचेन, मग लिहायला घेते.